ठोसा दिसतो, गुण दिसत नाही

निघोज्यात कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपाशी पहिली पाळी सुटली की पाच मिनिटांत बाकडी भरतात. त्या दिवशी एका फोनभोवती चार डोकी होती. खेड तालुक्यातल्या कुठल्याशा घाटातून बैलगाडा शर्यतीचं थेट प्रक्षेपण चालू होतं. निवेदकाचा आवाज चढला, सेकंद जाहीर झाले आणि चौघांत लगेच वाद पेटला. बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, संपल्यावर अंगठा वर सरकला आणि बॉक्सिंगची एक क्लिप आली. निळा आणि लाल, दोघंही तुफान हात चालवत होते. दोन-तीन सेकंदांत अंगठा पुढे गेला. मी कारण विचारलं, तर पोरगा म्हणाला, "नुसती हाणामारी ओ. कोण पुढं आहे तेच कळत नाही."

बॉक्सिंगला आपल्याकडे प्रेक्षक का मिळत नाही, याचं याहून नेमकं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. चित्रण आता हवं तेवढं मिळतं. राष्ट्रीय स्पर्धांच्या लढती यूट्यूबवर पाहता येतात. मुंढव्याची आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूट सेनादलाचे बॉक्सर घडवते, ती इथून तासा-दीड तासावर. पुण्याच्या देविका घोरपडेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पेनमधल्या ला नुसिया इथं ५२ किलो गटात युवा जागतिक सुवर्णपदक जिंकलं. त्याआधी एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या किएल्त्सेत नागपूरच्या अल्फिया पठाणनं ८१ किलोंवरील गटात तेच केलं होतं. दोघी महाराष्ट्राच्या, दोघी जगज्जेत्या. तरी त्या टपरीवर मी ही नावं घेतली तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत राहिले.

आता बैलगाड्याकडे बघा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली आणि परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. मधल्या काळात, २०१६ पासून, मोबाइलचा डेटा स्वस्त झाला होता. शर्यती परतल्या तेव्हा घाटात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातात कॅमेरा होता. पण प्रेक्षक कॅमेऱ्यानं जमवले नाहीत. ते जमवले निवेदकानं, कारण गाडा कुणाचा, मागच्या घाटात तो किती सेकंदांत आला, हे तो बारी सुटण्याआधीच सांगून टाकतो. पुढं काय बघायचं हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो थांबतो.

कुस्तीचंही तसंच. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. आपल्या खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा शिवराज राक्षे अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडला हरवून केसरी झाला. पण फोनवर कित्येक दिवस धुमसत राहिली ती त्याआधीची, महेंद्र आणि सिकंदर शेख यांची माती विभागातली लढत. टांग डावाला चार गुण दिले ते बरोबर की चूक? सिकंदरची पाठ धोक्याच्या स्थितीत गेली होती की नाही? ज्यांनी जन्मात लांग बांधली नाही, तेही क्लिप थांबवून, मागं नेऊन, खांदा कुठं टेकला ते दाखवत होते. त्या वादात कडवटपणाही पुष्कळ होता आणि पंचांना त्याचा त्रास झाला, ते मला आवडलं नाही. तरीही एका गुणासाठी माणसं इतकी भांडली, कारण गुण कशाचा असतो हे त्यांना माहीत होतं.

मग बॉक्सिंगमध्ये गुण कशाचा असतो?

हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एकेक मिनिट विश्रांती. अकरा मिनिटांत लढत संपते. रिंगभोवती पाच गुणलेखक बसतात. फेरी जिंकणाऱ्याला १० आणि दुसऱ्याला बहुतेक वेळा ९. फारच एकतर्फी झाली तर ८. ठोसा ग्लोव्हच्या बोटांच्या पेरांकडच्या भागानं, डोक्याच्या किंवा कमरेवरच्या अंगाच्या समोरून नाहीतर बाजूनं बसला, तरच तो धरायचा. समोरच्यानं आडव्या धरलेल्या हातांवर पडलेला ठोसा कितीही धाडकन वाजला तरी त्याला मोल नाही. टपरीवरच्या पोराला हाणामारी दिसली त्यातले अर्धेअधिक ठोसे असे हातांवर गेलेले असणार. शिवाय लढत कोण आपल्या चालीनं चालवतो, हेही गुणलेखक बघतात. मागं सरकत सरकत, समोरच्याला चुकवायला लावून दोनच नेमके ठोसे लावणारा फेरी जिंकू शकतो.

बार्सिलोना १९९२ ते लंडन २०१२ या काळातल्या ऑलिंपिकमध्ये हे काम यंत्रावर चाले. त्यातल्या बहुतेक काळात पाचपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच ठोसा मोजला जाई. २०१३ पासून दहा गुणांची पद्धत आली. खेळाच्या दृष्टीनं ती मला अधिक न्याय्य वाटते, पण नवख्या प्रेक्षकाला ती कुणीतरी उलगडून सांगावी लागते. आणि ते मराठीत सांगणारा आवाज आपल्याकडे अजून तयार झालेला नाही. ढाक, घिस्सा, एकलंगी म्हटलं की गावातल्या पोराच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं. जॅब, हुक, अपरकट हे शब्द आहेत तसेच राहू द्यावेत, फक्त प्रत्येकाचं चित्र एकदा दाखवून द्यावं.

चित्रणातही थोडं ध्यान लागतं. स्थानिक स्पर्धेचे बहुतेक व्हिडिओ दोरांच्या उंचीवर फोन धरून काढलेले असतात, त्यामुळे फोकस दोरावर बसतो आणि बॉक्सर मागं पुसट होतात. खुर्चीवर उभं राहून, दोरांच्या वरून, दोघांचे पाय दिसतील असं धरलं तर लढत समजते, कारण अंतर पायांनी कापलं जातं. लाल कोपरा कोण, निळा कोण, फेरी कितवी, एवढं पट्टीवर लिहिलं तरी पाहणारा टिकतो.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायची आहे. व्हिडिओ चालावा म्हणून नुसते नॉकआउट कापून टाकू नयेत. हौशी लढतींचा निकाल बहुतेक वेळा गुणांवर लागतो. डोक्याला मार बसलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा हजारोंच्या फोनवर पुन्हा पुन्हा कोसळत राहिला, तर त्याला ते जन्मभर पुरतं. आणि ती क्लिप पाहिलेली कुठली आई आपल्या मुलीला बॉक्सिंगला पाठवेल? लहान मुलांचं चित्रण टाकण्याआधी घरच्यांना विचारायलाच हवं.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग असणार हे मार्च २०२५ मध्ये नक्की झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या जॅस्मिन लंबोरिया आणि मीनाक्षी हुडा यांनी सुवर्ण जिंकलं. म्हणजे बघण्यासारखं पुष्कळ आहे.

चैत्र-वैशाखात या पट्ट्यातल्या गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचा आखाडा भरतो. हलगी असते, माइक असतो, प्रक्षेपणवाले असतात. मोठ्या जोड्या लागण्याआधी तिथं बाजूला रिंग लावून दोन प्रदर्शनीय लढती ठेवाव्यात. निवेदक कुस्तीचाच असावा, ज्याच्या आवाजाला लोक ओळखतात, आणि त्याच्या शेजारी पुण्याची एखादी बॉक्सर बसावी. त्यानं लोकांच्या वतीनं विचारावं, "ताई, आत्ता एवढा जोरात लागला, मग गुण का नाही?" आणि तिनं सांगावं, "दादा, तो हातावर गेला. आता पुढचा बघा."