सतरंज्या उचलणारे पुढारी

पुढारी घडवायला निघालेल्या संघटनेनंच पुढाऱ्याची टर उडवणारं लोकनाट्य गावोगाव नेऊन दाखवावं, असा योग महाराष्ट्रात एकदा जुळून आला होता. संघटना राष्ट्र सेवा दल, लोकनाट्य पु. ल. देशपांडे यांचं ‘पुढारी पाहिजे’ आणि काळ पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आसपासचा. गॅसबत्तीच्या उजेडात मांडलेला रंगमंच, पहिल्या रांगेत मानानं बसवलेले गावचे पुढारी आणि समोर भर चौकात त्यांचीच बिनपाण्याची हजामत! मागची मंडळी पोट धरून हसायची आणि पुढच्यांनाही मग इलाज नसल्यासारखं हसावं लागायचं.

हा खेळ करणाऱ्या सेवा दलाच्या कलापथकाचा पडद्यामागचा भाग मला पुढच्यापेक्षा जास्त आवडतो. मुळात पडदाच यांनी स्वतः बांधलेला असायचा. मानधन नाही, मेकअपवाला वेगळा नाही, सामान उचलायला हमाल नाही. ज्यानं राजाची भूमिका करायची त्यानंच दुपारी बांबूसाठी खड्डे खणायचे आणि खेळ संपला की मिशी काढायच्या आधी सतरंज्या गुंडाळायच्या. आज आपल्या राजकारणात ‘सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता’ म्हटलं की त्यात कीव असते. त्या पोरांच्या लेखी तो श्रीगणेशा होता.

राष्ट्र सेवा दल ४ जून १९४१ रोजी पुण्यात उभं राहिलं. एस. एम. जोशी दलप्रमुख. संध्याकाळी मैदानावर शाखा भरायची: लेझीम, कबड्डी, समूहगीतं, थोडं बौद्धिक. त्या काळाला न पेलणारी गोष्ट म्हणजे मुलं आणि मुली एकाच मैदानावर. घरोघरी यावरून किती कुरबुरी झाल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी. आणि शाखा चालवणार कोण? पंधरा-सोळा वर्षांचा शाखानायक. हजेरी त्यानं घ्यायची, भांडणं त्यानं मिटवायची, एखादा पोरगा दोन दिवस फिरकला नाही तर त्याच्या घरी जाऊन आईच्या तोंडची चार वाक्यंही त्यानंच ऐकायची. नेतृत्वाचा अभ्यासक्रम म्हणाल तर एवढाच. भाषणं बौद्धिकात व्हायची, शिकणं मात्र त्या उंबरठ्यावर व्हायचं.

ही रीत नक्की कुणाची? दलात अनेकांचे हात लागले, पण तिचा खरा उगम मला सेवा दलाच्याही आधी, खानदेशातल्या अमळनेरला दिसतो. १९२४ साली तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये एक बुजरा, चारचौघांत पटकन तोंड न उघडणारा शिक्षक रुजू झाला आणि पुढे त्याच्याकडे वसतिगृहही आलं. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी. मुलं शाळेत गेली की हे गृहस्थ त्यांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणांच्या घड्या घालायचे, कंदिलाच्या काचा पुसून ठेवायचे, कुणाचे मळके कपडे धुऊन वाळत घालायचे. यावर एक अक्षर बोलायचे नाहीत. मुलं परत आली की खोली लख्ख. पहिल्यांदा मुलांना गंमत वाटली, मग लाज वाटली, आणि मग ती स्वतःच झाडू हातात घेऊ लागली. शिवाय ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक. रोज! पोरांनी सकाळी उठून वाचावं म्हणून हा माणूस रात्री जागून ते लिहून काढायचा. १९३० साली गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, तेव्हा अमळनेरच्या त्या मुलांना देशभक्ती म्हणजे काय हे वेगळं सांगायची गरज उरली नव्हती.

मला कधी कधी वाटतं, साने गुरुजींवर आपण ‘रडके’ असा शिक्का मारून त्यांच्यातला संघटक पार झाकून टाकला. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी १९४७च्या मे महिन्यात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं. १ तारखेला सुरू झालं, १० तारखेला सुटलं. इतिहासात हे दहा दिवस आहेत. त्याआधीचे महिने मात्र पडद्याआड राहिले. गुरुजी महाराष्ट्रभर फिरत होते आणि त्यांच्यासोबत सेवा दलाचं कलापथक होतं. वसंत बापटांसारखा कवी, लीलाधर हेगडेंसारखा शाहीर आणि बाकी मिसरूडही न फुटलेली पोरं. पोवाडा व्हायचा, गुरुजी बोलायचे, आणि गावातल्या विहिरी, देवळं खुली करा म्हणून साकडं घातलं जायचं. कुठे दारं उघडायची, कुठे तोंडावर आपटायची. ज्या वयात आपली मुलं दहावीच्या टक्क्यांनी घायकुतीला येतात, त्या वयात ही मुलं परक्या गावात नकार ऐकून घ्यायला शिकत होती. नकार ऐकून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी पुन्हा त्याच दमात गाणं म्हणणं, हे सोपं काम नव्हे.

निळू फुल्यांचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात हा तरुण माळीकाम करायचा. पगार महिना ८० रुपये. त्यातले १० रुपये सेवा दलाला! घर खाऊन-पिऊन सुखी होतं म्हणून नव्हे, अजिबात नव्हतं. संध्याकाळी शाखा, रात्री तालीम. १९५७च्या निवडणुकीच्या प्रचारासाठी त्यांनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला आणि पुढे ‘पुढारी पाहिजे’मधला त्यांची रोंगेची भूमिका लोकांनी उचलून धरली. पडद्यावर ज्यानं पुढे बेरकी सरपंच आणि माजलेले पाटील असे उभे केले की बायाबापड्या प्रत्यक्षातही त्याच्यापासून चार हात लांब राहाव्यात, त्या नटानं पुढाऱ्यांचा अभ्यास सतरंजीवर बसून केलेला होता.

त्याच मांडवाखालून राम नगरकर आले. नायगावच्या चाळीतले दादा कोंडके सेवा दलाच्या बँडमध्ये होते, मग ‘खणखणपूरचा राजा’त उभे राहिले. स्मिता पाटील शाळकरी वयात सेवा दलाच्या कार्यक्रमांत नाचली-गायली. तिचे आईवडील, विद्याताई आणि शिवाजीराव, दोघंही दलाचे. आता कुणी म्हणेल, हे तर सगळे नट झाले, पुढारी कुठे झाले? तर मृणाल गोरे याच मैदानावरच्या. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून त्या कामात उतरल्या, गोरेगावकरांना पाणी मिळावं म्हणून इतक्या भांडल्या की ‘पाणीवाली बाई’ हे नाव पडलं आणि १९७२ साली महागाईविरुद्ध बायकांचा लाटणं मोर्चा निघाला. प्रमिला दंडवते याच मैदानावरच्या. हमालांची पंचायत उभी करणारे बाबा आढाव इथलेच. ‘एक गाव, एक पाणवठा’ ही त्यांची मोहीम सुरू झाली तीही १९७२च्या दुष्काळात. पंचवीस वर्षांपूर्वी कलापथक जे मागत गावोगाव हिंडलं होतं, तेच पुन्हा मागायला लागावं यातलं दुःख वेगळंच.

आणि नटही दलाचं देणं विसरले नाहीत. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा, सदाशिव अमरापूरकर, रोहिणी हट्टंगडी अशा मोठमोठ्या नटांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. हेतू इतकाच की पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्यांच्या घरची चूल पेटती राहावी. ऐंशीतले दहा देणाऱ्या माळ्याच्या हिशेबात यात नवं काहीच नव्हतं.

हे सगळं मी माळव्यातल्या अमझेऱ्यात बसून लिहितोय, म्हणून थोडं अमझेऱ्याचं. धार-देवासकडच्या आम्हा मराठी घरांतून या गावाचं नाव निघतं ते २९ नोव्हेंबर १७२८च्या लढाईसाठी. चिमाजी अप्पांनी मुघलांच्या गिरधर बहादुर आणि दया बहादुर यांना इथे धूळ चारली, माळव्याचं दार मराठ्यांना उघडलं, आणि धार-देवासात पवारांची घराणी स्थिरावली. दुसरा अभिमान राव बख्तावरसिंहांचा, १८५७च्या उठावानंतर इंदूरला फासावर गेलेल्या अमझेऱ्याच्या राजाचा. पोरांसमोर आम्ही हेच दोन ठेवतो, दोघंही घोड्यावर. अप्पांच्या फौजेला दाणागोटा कुणी पुरवला, तंबू कुणी ठोकले, हे कुणी विचारत नाही. पोरांनाही मग नेता म्हटलं की घोडाच दिसतो; हल्ली त्याची जागा पांढऱ्या स्कॉर्पिओनं घेतली आहे.

म्हणून इथल्या मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरात आम्ही सेवा दलाचीच रीत उचलली. आठवी ते अकरावीची मुलं, निम्म्या घरांत भिलाली नाहीतर माळवी बोलली जाते, मराठी घरं मोजकीच. कामाच्या वाटण्या मुलांनी करायच्या: पाणी, स्वयंपाकाला मदत, झाडलोट, हिशेब. आमच्यातल्या एका पालकांना हे रुचलं नाही. मुलाला ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’साठी पाठवलंय, पातेली घासायला नव्हे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुलाला घरी न्यायला आले तेव्हा तो हिशेबाची वही घेऊन बसला होता आणि तेलाच्या पिशव्यांत एक कमी का, हे सापडेपर्यंत उठायला तयार नव्हता. वडील तासभर बाहेर थांबले.

समारोपाला नाटुकलं करायचं होतं. विषय, लेखन, बसवणं सगळं मुलांचं. मोठ्यांनी तालमीला फिरकायचं नाही असं आम्हीच कबूल केलेलं. प्रयोगाच्या दिवशी पडदा म्हणून बांधलेली चादर सरकली आणि समोर मीच होतो. म्हणजे नववीतला एक मुलगा होता, पण चष्मा नाकावर घसरलेला, खांद्यावर माझ्यासारखी झोळी आणि दोन वाक्यांमागे एकदा ‘समझ रहे हो ना?’ हाताशी बादली ठेवून तो श्रमाचं महत्त्व सांगत होता. मागे बाकीची पोरं खरोखर बादल्या वाहून दमत होती आणि साहेबांचं भाषण काही संपत नव्हतं. लोक गडाबडा लोळले. खेळ संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं, पाठ थोपटली आणि म्हटलं, बाकी झकास, फक्त ते भाषण जरा लांबलं.

“सर,” तो चादरीची गाठ सोडता सोडता म्हणाला, “आधा तो हमने काट दिया था.”