विज्ञानचित्रफितीतील रंगांची विश्वासार्हता

विज्ञानाच्या प्रयोगात रंग हा पुष्कळदा पुरावाच असतो. हळदीच्या पिवळ्या कागदावर साबणाचे पाणी पडले की तो तांबूस होतो. निळा लिटमस आम्लात लाल होतो. पुण्याच्या 'आयुका'मधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या चित्रफितींमुळे साध्या वस्तूंचे असे प्रयोग घरोघरी पोहोचले. आज गोंदिया जिल्ह्यातील निवासी शाळेलाही दोन-तीन मोबाइलवर अशी फीत तयार करता येते. अडचण येते ती संकलनाच्या वेळी. तोच कागद एका कॅमेऱ्यात पिवळा, तर दुसऱ्यात केशरी दिसतो. मग रंग साबणामुळे पालटला की कॅमेरा बदलल्यामुळे, हे विद्यार्थ्याने कसे ओळखावे?

याचे कारण असे, की प्रकाशालाही स्वतःची छटा असते. दुपारच्या उन्हाचे रंगतापमान सुमारे ५५०० केल्विन, तर तारेच्या पिवळ्या दिव्याचे सुमारे २८००. खिडकीलगत धानाची हिरवी बांधी असेल, तर तिचीही झाक येते. त्यातच पांढरे कशाला म्हणावे, हे प्रत्येक कॅमेरा आपापल्या परीने ठरवतो.

म्हणून चित्रीकरणापूर्वी सर्व कॅमेऱ्यांचे श्वेतसंतुलन स्वयंचलित न ठेवता एकाच मूल्यावर स्थिर करावे. प्रयोगाच्याच जागी एक करडे कार्ड काही क्षण सर्वांसमोर धरावे. पुढे कलर ग्रेडिंग, म्हणजे रंगजुळणी करताना, एक कॅमेरा प्रमाण मानून इतरांचा प्रथम उजेड, नंतर कार्डाचा करडेपणा व शेवटी रंगांची गडदता जुळवावी. 'डाविंची रिझॉल्व्ह'च्या विनामूल्य आवृत्तीत हे सर्व करता येते. मात्र परिणाम उठून दिसावा म्हणून द्रावणाचाच रंग भडक करू नये. तो पुराव्यातील फेरफार ठरेल.

प्रयोग करणाऱ्या मुलांच्या त्वचेलाही हाच न्याय लागू आहे. छायाचित्रांच्या प्रयोगशाळांत अनेक दशके गोऱ्या स्त्रीचे चित्र असलेले 'शर्ली कार्ड' प्रमाण मानले जाई. परिणामी सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे हरवत. वास्तविक रंगछटा मोजणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर सर्व वर्णांच्या माणसांची त्वचा जवळजवळ एकाच रेषेलगत उमटते. भेद असतो तो मुख्यतः उजेडाचा व गडदतेचा. तेव्हा उन्हात रापलेला चेहरा उजळवून गोरा करण्याचे काहीच कारण नाही. फीत पाहणाऱ्या मुलाला प्रयोग करणारे हात आपल्यासारखेच दिसले पाहिजेत.

ज्या माजी विद्यार्थ्यांना संकलनाचे ज्ञान आहे, त्यांनी सुटीतील एक दिवस शाळेच्या प्रयोगशाळेस द्यावा, अशी आमची विनंती आहे.