बिनपगारी, पण गणवेशधारी

"काय रे, गंजीफ्रॉकांचं दुकान काढलंस की काय?"

दारात उतरवलेल्या खोक्याकडे पाहत आत्याने विचारले. प्रश्न गैरवाजवी नव्हता. खोक्यात एकाच रंगाचे, एकाच मजकुराचे चाळीस टी-शर्ट होते; आणि ज्या घरचा कर्ता पुरुष कॉलेजात व्याकरण शिकवून पोट भरतो, त्या घरी चाळीस टी-शर्टांचे काय काम, असे कोडे कोणालाही पडावे. आत्याची सारी नोकरी प्राथमिक शाळेत गेलेली. तिने एक सदरा उचलला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि म्हणाली, "कापड बरं आहे. पण ही वेलांटी कुणी पळवली?"

मी पुढे होऊन पाहिले आणि खोक्यावरच मटकन बसलो!

हे प्रकरण कळायचे तर थोडे मागे जायला हवे.

आपल्याकडे लेखकाच्या निधनाला ६० वर्षे लोटली, की त्याच्या पुस्तकावरचा प्रताधिकार संपतो. अशी जुनी मराठी पुस्तके शोधायची, त्यांच्या पानांची छायाचित्रे घ्यायची, मजकूर पुन्हा टंकित करायचा, मुळाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा आणि इंटरनेटवर सर्वांना फुकट वाचायला ठेवायचा, असा उद्योग करणारी आमची एक मंडळी आहे. पगार नाही, मानधन नाही. मंडळीत बँकेतले कारकून आहेत, एक औषधांचे दुकानदार आहेत, दोन गृहिणी आहेत, एका तालुक्याच्या गावचे निवृत्त पोस्टमास्तर आहेत. एकमेकांना ओळखतो ते टोपणनावांनी. ऱ्हस्व-दीर्घावरून रात्री बारापर्यंत भांडलेली ही माणसे रस्त्यात समोरासमोर आली असती, तरी अनोळखी म्हणून पुढे गेली असती.

एका वर्षी पुण्यात एकत्र जमायचे ठरले. तेव्हा प्रश्न आला, की स्टेशनावर एकमेकांना ओळखायचे कसे? कुणीतरी म्हणाले, "टी-शर्ट करू या!"

एक सदरा, एकतीस मते

बोलायला सोपे, पण सदरा करणे म्हणजे काय, हे त्या महिनाभरात कळले. एकतीस जणांची एकतीस मते. रंगावर नऊ दिवस चर्चा चालली. पांढरा मळतो, काळा उन्हात तापतो, आणि पिवळा अंगावर चढवला की माणूस निवडणुकीला उभा राहिल्यासारखा दिसतो! शेवटी गडद निळ्यावर तह झाला.

मग छपाईवाल्याने आमची शिकवणी घेतली. अशी छपाई जाळीच्या चौकटीतून होते. ताणून बसवलेल्या जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारे रसायन लावतात, त्यावर काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म ठेवून उजेड देतात. अक्षरांखालचे रसायन कच्चे राहते, ते पाण्याने धुऊन निघते, आणि त्या मोकळ्या झालेल्या जाळीतून शाई कापडावर उतरते. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. ती चौकट करण्याचा खर्च दहा सदऱ्यांना जेवढा, तेवढाच शंभरांना. म्हणून थोड्या नगांची छपाई महाग पडते, आणि रंग वाढवाल तसा खर्च वाढतो. आम्ही शहाण्यासारखा एकच पांढरा रंग घेतला. मापांची यादी करताना मात्र माणसांचे खरे स्वभाव दिसले. आपली छाती किती इंच हे खरे सांगणारा पुरुष आम्हांस विरळाच आढळला.

चिन्हाचाही विचार झाला. एखाद्या प्रसिद्ध संस्थेचे बोधचिन्ह उचलून छापता येत नाही. विकिपीडियाचा तो तुकड्या-तुकड्यांचा गोल विकायच्या वस्तूंवर छापायचा, तर मालक संस्थेची परवानगी लागते. उलट, डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली संगणकप्रणाली बनवणारी स्वयंसेवकांची मंडळी आपले लाल भोवऱ्यासारखे चिन्ह कोणालाही वापरू देते. आम्हांला स्वतःचे चिन्हच नव्हते. तेव्हा नुसती अक्षरे छापायची ठरली. वर "आम्ही मुद्रितशोधक" आणि खाली "चूक आढळल्यास कळवावी".

आता खोक्यापाशी परत येऊ. सदऱ्यावर "मुद्रितशोधक" या शब्दाची पार दैना उडाली होती. "द्र" हे जोडाक्षर फुटून पाय मोडलेला द् एकीकडे आणि र दुसरीकडे पडला होता. ऱ्हस्व वेलांटी आपले घर सोडून शेजारच्या "त"वर जाऊन रेलली होती. कारण साधे होते. आम्ही मजकूर टंकित अक्षरांत पाठवला होता, आणि छपाईवाल्याच्या जुन्या संगणकाला देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नव्हती. अशा वेळी अक्षरांचे रूपांतर रेघांच्या चित्रात करून पाठवायचे असते, म्हणजे ती फुटत नाहीत. हे आम्हांला ठाऊक नव्हते. बरे, छपाईपूर्वी त्याने नमुन्याचे चित्र पाठवले होते. एकतीस मुद्रितशोधकांनी ते पाहिले, रंग छान आला आहे म्हणाले, आणि मंजूर केले!

मी शरमेने मंडळीला कळवले. नवे सदरे छापण्याइतके पैसे नव्हते. अर्ध्या तासाने एका गृहिणीचे उत्तर आले, "खालची ओळ वाचा. आता तर ती शोभूनच दिसेल." पुण्याच्या स्टेशनावर आम्ही तेच सदरे घालून उतरलो. दिवसभरात सात अनोळखी माणसांनी आम्हांला थांबवून चूक दाखवली. त्यांतले दोघे पुढे मंडळीत आले.

सदऱ्याची किंमत

इथवर सारी गंमत होती. पुढच्या वर्षी आम्ही खरी चूक केली, आणि ती वेलांटीची नव्हती.

एका हितचिंतकाने सदऱ्यांचा खर्च उचलला. फुकटचे सदरे वाटायचे कोणाला? आम्ही जाहीर केले, की दिवाळीपर्यंत जो दोनशे पाने तपासील त्याला सदरा भेट. कामाचा नुसता पूर लोटला. आम्ही आकडे पाहून खूश होतो. मग पोस्टमास्तरांचे पत्र आले : "ही पाने कोणी वाचलेली नाहीत." आणि ते खरे होते. पान उघडायचे, "तपासले" अशी खूण करायची आणि पुढच्या पानावर जायचे, असा सपाटा काही उत्साही मंडळींनी लावला होता. एका पुस्तकात "मरण" आणि "भरण" यांची अदलाबदल प्रकरणभर तशीच राहिली होती. पोस्टमास्तरांनी तीन महिने रात्री जागून ती सारी पाने पुन्हा वाचली. काम संपल्यावर ते गप्प झाले. एक ओळ तेवढी लिहिली, "माझ्या तीन हजार पानांचे किती सदरे होतात?"

ती ओळ मला आजही टोचते.

असे ठेचाळलेले आम्हीच पहिले नव्हतो. अमेरिकेतील डिजिटलओशन या कंपनीने २०१४ साली "हॅक्टोबरफेस्ट" नावाचा उपक्रम सुरू केला. लोकांनी मिळून घडवलेल्या संगणकप्रणालींत ऑक्टोबर महिन्यात ठरावीक सुधारणा सुचवा आणि टी-शर्ट मिळवा! २०२० साली त्या सदऱ्यापायी निरर्थक सुधारणांचा एवढा वर्षाव झाला, की प्रणाली सांभाळणारे स्वयंसेवक हैराण झाले. आठवडा उलटायच्या आत नियम बदलावे लागले, आणि ज्यांनी आपणहून होकार दिला त्यांच्याच प्रकल्पांतले काम धरले जाऊ लागले. २०२३ साली सदरा बंद करून पडद्यावरची नुसती निशाणी ठेवण्यात आली.

मग कौतुक करूच नये काय? तसेही नाही. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी विकिपीडियावर सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का लोकांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही जण निवडले, आणि त्यांतल्या निम्म्यांना "बार्नस्टार" नावाची चांदणी दिली. ही चांदणी म्हणजे पडद्यावरचे एक चित्र. बाजारात तिला कवडीची किंमत नाही. पुढचे नव्वद दिवस पाहिले, तर चांदणी मिळालेल्यांचे काम इतरांच्या मानाने सुमारे ६० टक्क्यांनी अधिक भरले. आधी ठरवलेल्या मोबदल्याने आमच्याकडे काम बिघडले, आणि ध्यानीमनी नसता मिळालेल्या शाबासकीने तिकडे ते वाढले. भाव सांगून दिलेली वस्तू मजुरी होते. मग माणूस कामाकडे पाहत नाही, भावाकडे पाहतो.

आणि हे आपल्याला नवे का आहे? वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ इतकी मैल चाललास म्हणून कोणी बक्षीस देत नाही. ती त्याने आपण होऊन घातलेली असते.

तिसऱ्या वर्षी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. ज्याला सदरा हवा त्याने लागेल तेवढेच पैसे भरावेत, आणि जमेल त्याने दहा रुपये वर टाकावेत. जमाखर्च पैशापैशासह सर्वांसमोर ठेवावा. त्या वरच्या पैशांतून काही सदरे भेट द्यावेत. मात्र कोणाला, ते इतरांनी सुचवावे, स्वतःचे नाव कोणी घालू नये. सोसायटीच्या, ग्रंथालयाच्या किंवा गिर्यारोहणाच्या मंडळाचे सदरे करणाऱ्या वाचकांनी हे नियम खुशाल उचलावेत. आणि अक्षरे रेघांच्या चित्रात बदलायला विसरू नये!

पहिल्या सदऱ्यासाठी सव्वीस जणांनी एकच नाव सुचवले. आम्ही तो पार्सलाने पोस्टमास्तरांना पाठवला. बरेच दिवस काही कळले नाही. मग त्यांच्या नातीने एक छायाचित्र पाठवले. आजोबा धोतर आणि बंडी घालून संगणकापुढे बसलेले, आणि सदरा त्यांच्या खुर्चीच्या पाठीला घातलेला. खाली तिने लिहिले होते, "आजोबा म्हणतात, या वयात टी-शर्ट अंगात घालवत नाही. पण पाठीला बरा आहे. आणि पान १४२ वरची वेलांटी अजून चुकलेली आहे, ती बघा म्हणाले."

पाहिली. खरोखरच चुकलेली होती.