चैत्री पौर्णिमा आणि ईस्टरची पहाट

बंगळूर हे नगर मराठी माणसाला सर्वस्वी परके नाही. १६३८ साली विजापूरच्या फौजांनी ते जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. आजही त्या शहरात शिवाजीनगर नावाची गजबजलेली पेठ आहे, आणि त्याच पेठेत १८८२ साली उभारलेले, उंच निमुळत्या मनोऱ्याचे सेंट मेरीचे चर्च आहे. शहराच्या जुन्या भागात, तेथून फार दूर नाही अशा अंतरावर, धर्मराय स्वामींचे मंदिर आहे. पांडवांचे आणि द्रौपदीचे हे स्थान. चैत्री पौर्णिमेच्या रात्री या मंदिरातून ‘करग’ निघतो. तिगळ समाजातील व्रतस्थ पुरुष स्त्रीवेष धारण करून, मोगऱ्याच्या फुलांनी मढवलेला उंच करग हात न लावता मस्तकावर तोलीत, जुन्या पेठांतून रात्रभर चालतो. उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार त्याच्या भोवती असतात. वाटेत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यापाशी मिरवणूक थांबते, आणि मग पुढे जाते.

२०२३ साली ही पौर्णिमा गुरुवारी, ६ एप्रिलला आली. महाराष्ट्रात त्या दिवशी हनुमान जयंती साजरी झाली. आणि त्याच सायंकाळी शिवाजीनगरच्या व इतर चर्चमध्ये ख्रिस्ती लोक पवित्र गुरुवार पाळीत होते. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांसमवेत घेतलेल्या अखेरच्या भोजनाची ही रात्र. येशूने त्या वेळी शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून या रात्री धर्मगुरू सामान्य माणसांचे पाय धुतो. दुसऱ्या दिवशी, ७ एप्रिलला, उत्तम शुक्रवार होता, आणि ९ एप्रिलला ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा रविवार.

हा केवळ योगायोग नव्हे. नाताळची तारीख ठरलेली आहे. ईस्टरची तशी नाही. ते चंद्रावर अवलंबून आहे. येशूचा मृत्यू यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास झाला, आणि वल्हांडण हा वसंतातील पौर्णिमेचा सण. इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सर्व ख्रिस्ती जगाने ईस्टर एकाच रविवारी पाळावे असे ठरविले. त्यातून जो नियम रूढ झाला तो असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यावी, आणि तिच्या पुढचा रविवार हा ईस्टरचा मानावा. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. पूर्वेकडील अनेक चर्चेस जुन्या पंचांगाने गणित करतात, म्हणून त्यांचे ईस्टर पुष्कळदा निराळ्या रविवारी पडते. आपल्याकडील अधिक मासामुळे चैत्री पौर्णिमाही कधी मागेपुढे होते. २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला, होळीपौर्णिमेच्या पाठोपाठ आले, तर करग २३ एप्रिलला निघाला. पण बहुतेक वर्षी बंगळूरचे हे दोन जागर एकाच चंद्राच्या उजेडात, काही दिवसांच्या अंतराने होतात.

दोहोंचा आशय मात्र वेगळा आहे, आणि तो वेगळेपणा समजला म्हणजे ईस्टरचे मर्म समजण्यास मदत होते. करगाच्या परंपरेत अशी कथा आहे की, तिमिरासुराचा नाश करण्यासाठी द्रौपदीने वीरकुमार निर्माण केले. कार्य आटोपून ती निघाली तेव्हा त्यांनी तिला राहण्याची विनवणी केली, आणि तिने दर वर्षी याच दिवसांत परत येण्याचे वचन दिले. गेलेले परत येते, ऋतूप्रमाणे आणि तिथीप्रमाणे येते, ही या वचनातील आशा. माणसाच्या मनाला ती फार जवळची आहे.

ईस्टरविषयीही पुष्कळांची अशीच समजूत असते. हिवाळा सरला, पालवी फुटली, रात्रीनंतर दिवस उजाडला, त्याचाच हा उत्सव, असे मानले जाते. युरोपात तो वसंतात येतो, रंगवलेली अंडी नव्या जीवनाची खूण म्हणून वाटली जातात, त्यामुळे या समजुतीला आधारही मिळतो. परंतु ऑस्ट्रेलियात हाच सण शरद ऋतूत, दिवस लहान होत असताना येतो, आणि तेथील ख्रिस्ती माणसाला त्यात काही विसंगती वाटत नाही. कारण ईस्टरची आशा ऋतुचक्रावर उभी नाही. वसंत दर वर्षी येतोच. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे असे की, जे कधीच घडत नाही ते एकदा घडले: मेलेला, पुरलेला एक माणूस मृत्यूच्या पलीकडे उठला, आणि त्या एका घटनेने साऱ्या मृत्यूंचा अर्थ पालटला.

ही घटना शुभवर्तमानांत कशी सांगितली आहे, हे पाहण्याजोगे आहे. मराठीला ती कथा नवी नाही. गोव्यात येऊन राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने ओवीबद्ध मराठीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, आणि येशूचे चरित्र मराठी कानांवर तेव्हापासून पडत आले आहे. इ.स. ३० च्या सुमारास, रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या आज्ञेने येशूला जेरुसलेममध्ये वधस्तंभावर खिळण्यात आले. शिष्य पांगले. जो शिष्य सर्वांत धीट म्हणवीत होता, त्याने त्याला आपण ओळखतही नाही असे तीनदा सांगितले. घाईघाईने देह खडकात खोदलेल्या कबरेत ठेवला गेला आणि तोंडावर धोंड लोटण्यात आली. दुसरा दिवस शब्बाथाचा, विश्रांतीचा. त्या शनिवारी काहीच घडले नाही. ख्रिस्ती उपासनेत हा रिकामा दिवस आजही रिकामाच ठेवला जातो. शुक्रवारवरून एकदम रविवारवर उडी मारण्याची मुभा नाही.

रविवारी पहाटे काही स्त्रिया कबरेकडे गेल्या. त्या कोणत्याही चमत्काराच्या अपेक्षेने गेल्या नव्हत्या. देहाला सुगंधी द्रव्ये लावण्याचे अखेरचे कर्तव्य घाईमुळे राहून गेले होते, ते पुरे करावे एवढाच त्यांचा हेतू होता. धोंड कोण बाजूला सारील, याची चिंता त्यांना वाटेत पडली होती. तेथे पोचल्यावर त्यांना धोंड सरलेली आणि कबर रिकामी दिसली. पुनरुत्थानाच्या प्रत्यक्ष क्षणाचे वर्णन चारही शुभवर्तमानांत नाही. तो क्षण कोणी पाहिला नाही. त्यातही मार्काचे शुभवर्तमान, जे बहुतेक अभ्यासक सर्वांत जुने मानतात, त्याच्या प्राचीन हस्तलिखितांत कथा या स्त्रियांच्या भीतीवरच संपते. त्या थरथरत पळाल्या आणि कोणाशी काही बोलल्या नाहीत. जयघोषाने नव्हे, तर भयाने या आशेचा आरंभ झाला.

इतिहासाला येथे फार थोडे म्हणता येते. कबरेत काय घडले, हे तो सिद्ध करू शकत नाही. इतके मात्र त्याला दिसते की, शुक्रवारी पळालेली माणसे काही काळातच त्याच शहरात उभी राहून बोलू लागली, आणि पुढे त्यांच्यापैकी काहींनी त्यासाठी मरण पत्करले. बाकीचा प्रश्न श्रद्धेचा आहे.

ही श्रद्धा नेमकी काय म्हणते? येथे दोन कल्पनांपासून ती वेगळी करावी लागते. आत्मा अमर आहे आणि देह हे केवळ त्याचे वस्त्र आहे, असे ईस्टर म्हणत नाही. माणूस पुन्हा दुसऱ्या देहाने जन्म घेतो, असेही म्हणत नाही. पुनर्जन्म आणि पुनरुत्थान हे शब्द कानाला जवळचे वाटले तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत. पुनरुत्थानात तोच माणूस, आपल्या त्याच जीवनासह, देवाकडून नव्या रूपात उठविला जातो. म्हणूनच उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, असे योहान सांगतो. संशयी थोमाला त्याने तेच व्रण दाखविले. या तपशिलात ईस्टरचा अर्थ साठवलेला आहे. दुःख पुसून टाकले गेले नाही. ते झालेच नाही असे भासविले गेले नाही. त्याच्यावर अखेरचा अधिकार मात्र राहिला नाही.

येशूच्या मृत्यूपूर्वीचा एक प्रसंग हा अर्थ अधिक स्पष्ट करतो. बेथानी गावातील लाजर वारला. येशू चार दिवसांनी पोचला, तेव्हा लाजराची बहीण मार्था त्याला सामोरी गेली. ‘तू येथे असतास तर माझा भाऊ मेला नसता,’ अशा आशयाची तक्रार तिने केली. तुझा भाऊ उठेल, असे येशूने म्हणताच ती उत्तरली की, शेवटच्या दिवशी सर्व जण उठतील हे तिला ठाऊक आहे. तिची आशा अशी दूरच्या काळात जाऊन बसली होती. आजच्या शोकाला तिचा उपयोग नव्हता. येशूने तिला सांगितले की, पुनरुत्थान आणि जीवन तो स्वतःच आहे. म्हणजे शेवटच्या दिवसाची आशा त्याने तिच्या दारात आणून उभी केली. आणि तरीही, कबरेपाशी जाताना तो स्वतः रडला, असे त्याच प्रसंगात नोंदविले आहे. आशा आणि अश्रू यांत त्याला विरोध दिसला नाही.

या मार्थेचे नाव बंगळूरच्या एका जुन्या रुग्णालयाला आहे. गुड शेफर्ड संघाच्या धर्मभगिनी १८५४ साली बंगळूरला आल्या, आणि १८८६ साली त्यांनी सेंट मार्था रुग्णालय सुरू केले. १८९८ साली त्या शहरावर प्लेगचे संकट कोसळले. दाट वस्तीच्या पेठा धोक्याच्या ठरल्या आणि बसवनगुडी, मल्लेश्वरम् या मोकळ्या वसाहती त्यानंतर आकाराला आल्या. रुग्णालय हे ईस्टरची परीक्षा घेणारे स्थान आहे. तेथे सगळेच बरे होत नाहीत. मरणाऱ्याचे तोंड पुसणे, त्याची कूस बदलणे, त्याच्याजवळ बसणे, ही कामे तेथे यशाच्या हिशेबाने करता येत नाहीत. सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे निघालेल्या त्या स्त्रियांचेच ते काम आहे. धोंड सरेल की नाही हे त्यांना माहीत नव्हते. तरी त्या निघाल्या.

मराठी भाषेच्या इतिहासातही असे एक चरित्र आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळ या अरण्यातील ठिकाणी झाला. तरुणपणीच त्यांनी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, आणि १८८२ साली पती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, आणि १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली आपल्याबरोबर आणल्या. त्यांतून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. ज्या दुष्काळाने त्यांचे घर नेले, त्याच दुष्काळाच्या तोंडातून त्यांनी दुसऱ्यांच्या मुली परत आणल्या. व्रण तसाच राहिला. तो दुसऱ्यांच्या उपयोगी पडला.

अखेरच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाई बायबलच्या कामाकडे परतल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वर्षीचे ईस्टर अकरा दिवसांवर होते. मुक्ती सदनातील स्त्रियांनी जुळवून छापलेले ते संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते पाहावयास रमाबाई नव्हत्या. शनिवारी काम करीत राहणे म्हणजे काय, हे या आयुष्यात दिसते.

शनिवारी रात्री बंगळूरच्या चर्चमध्ये जागराची उपासना होते. दिवे मालविलेले असतात. चर्चच्या बाहेर नवा अग्नी पेटवितात, त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात आणि ती अंधाऱ्या मंदिरात आणतात. तिच्यावरून एकाची मेणबत्ती, त्याच्यावरून शेजाऱ्याची, अशी ज्योत हातोहात मागच्या ओळीपर्यंत जाते. जमलेल्यांत त्याच वर्षी घरातले माणूस गमावलेले असतात, कर्जात बुडालेले असतात, दुखण्याला कंटाळलेले असतात. त्यांपैकी कोणाचेही दुःख त्या रात्रीत सरत नाही. योहान म्हणतो की, मग्दालीया मरीया कबरेकडे निघाली तेव्हा अजून अंधारच होता. ईस्टरची ज्योतही उजाडल्यावर नव्हे, तर अंधार असतानाच पेटविली जाते, आणि तिच्या उजेडात शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसू लागतो.