दशावताराचा सारांश पास की नापास?

गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडच्या जत्रांतली दशावतारी नाटकं आता यूट्यूबवर अख्खी मिळतात. रात्रभर कोण बघणार? म्हणून यंत्राने काढलेले सारांश! पण ते जमलेत का, हे ठरवायचं कसं?

अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेने २००८ साली बीबीसीच्या कच्च्या चित्रीकरणावर ही परीक्षा घेतली. सारांशाची लांबी मूळच्या फार तर २ टक्के. सहा तासांच्या नाटकाला हे लावलं तर जेमतेम सात मिनिटं! महत्त्वाचे प्रसंग आले का, तेच तेच दिसतं का, हे माणसं बघून सांगत. २०१९च्या एका अभ्यासात तर गंमतच झाली: प्रचलित गुणपद्धतीत वाटेल तसे जोडलेले तुकडेही नामांकित पद्धतींच्या तोडीस तोड ठरले.

त्यात दशावताराला सहसा लिखित संहिता नसते. खरी मजा रंगमंचावरच्या उत्स्फूर्त जुगलबंदीत. नुसत्या हालचाली मोजणारं यंत्र तलवारी उचलणार, विनोदी पात्र असलेल्या संकासुराच्या कोट्या सोडणार.

मी दोघांना विचारेन. नाटक न पाहिलेल्याला कथा कळली का? पाहिलेल्याला हवा तो प्रवेश सापडला का? दोघांचे गुण वेगळे धरायचे, सरासरी काढायची नाही. आणि नारद कितव्या मिनिटाला येतो ते दिलं असेल, तर माझ्याकडून दोन गुण जादा!