मॉरिशसला जाताना

मॉरिशसचं नाव काढलं की आमच्या पोखर्णीत पहिला प्रश्न येतो, ‘व्हिसाचं कसं?’ भारतीय पर्यटकाला तो तिथं उतरल्यावर, पैसे न भरता मिळतो. परतीचं तिकीट आणि मुक्कामाचा पत्ता तेवढा हाताशी ठेवा. औषधं नेणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी. बी-बियाणं, रोपं घरीच राहू द्या. एवढ्याशा बेटाला बाहेरची कीड परवडत नाही.

नोव्हेंबर ते मे हे तिथं चक्रीवादळाचे महिने. इशाऱ्याचे चार टप्पे असतात. तिसरा लागला की बस बंद, आणि आपणही घरात. आपल्याकडं वादळ म्हणजे पत्रे उडणं एवढंच ठाऊक, म्हणून बजावून सांगतो. त्यापेक्षा जून ते सप्टेंबरच्या थंडीत जा.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट मात्र चुकवू नका. १८३४पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले मजूर याच बंदरात उतरले. त्यांत आपली कोकणातली माणसंही होती. उचल घेऊन ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या मी जन्मभर पाहत आलोय. मला तो घाट समुद्रकिनाऱ्यांहून मोलाचा वाटतो. त्या मजुरांचे वंशज आज घरात बहुधा क्रिओल बोलतात, पण गणेश चतुर्थीला तिथं देशभर सुटी असते. कुणी भेटलं तर त्यांच्या मराठीची परीक्षा घेऊ नका. आधी त्यांचं ऐका.