चांद, रोजा आणि ड्यूटीचा तक्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सरकारी दवाखान्यात पुढच्या महिन्याच्या ड्यूटीचा तक्ता चार-पाच दिवस आधी लागतो. ईदचा चांद मात्र दिसला तर एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी दिसतो, नाही दिसला तर ईद एक दिवस पुढे जाते. त्यामुळे तक्ता लावणारे सर दरवर्षी विचारायचे, "बाई, तुमची सुट्टी बुधवारी टाकू की गुरुवारी?" आणि मी दरवर्षी सांगायची, "सर, ते आभाळालाच विचारा." शेवटी वॉर्डातला कुणी ना कुणी म्हणायचा, "मॅडम, दोन्ही दिवस मी करतो, तुम्ही दिवाळीचे दोन दिवस करा." असा हा व्यवहार माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत चालला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यानं भाजलेली किती लेकरं मी पाहिली याचा हिशेब नाही, पण एकाही ईदला मी शीरखुर्म्यावाचून राहिले नाही.

मी बीड जिल्ह्यातली. शिक्षण मराठवाड्यातल्याच एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात झालं. आमच्या तुकडीत मुसलमान मुली दोनच होत्या, मी आणि माझी एक मैत्रीण. आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. जिल्ह्यातच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. निजामाच्या राज्यात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं, आणि ज्या स्वामीजींचं नाव कॉलेजाला आहे त्यांनी याच गावात शिक्षकाचं काम केलं होतं. बीडच्या, माजलगावच्या, परळीच्या मोहल्ल्यांतून नीटचा अभ्यास करणाऱ्या मुली आज घरोघर सापडतात. त्यांचे पालक मला भेटतात आणि बहुतेक एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, डॉक्टरकी करताना नमाज-रोजा जमतो का?" त्याच प्रश्नाबद्दल आज बोलायचं आहे. ज्यांचा नमाज-रोजाशी संबंध नाही त्यांनीही ऐकावं, कारण वॉर्डात आपली माणसं शेजारी शेजारीच झोपलेली असतात.

आधी नमाजेचं बघू. पुष्कळांना वाटतं की अजान झाली म्हणजे त्याच क्षणी सगळं टाकून उठायचं. तसं नाही. अजान म्हणजे वेळ सुरू झाल्याची खबर. प्रत्येक नमाजेला एक अवधी असतो. एप्रिल महिन्यात आपल्याकडे दुपारची जोहरची नमाज साडेबाराच्या सुमारास सुरू होते ती साधारण पाच वाजेपर्यंत पढता येते. त्यानंतर सूर्यास्तापर्यंत असर. रात्रीची इशा आठनंतर, आणि तिला तर मोठा अवकाश. चिंचोळी वेळ फक्त दोन नमाजांची, पहाटेच्या फजरची आणि सूर्यास्तानंतरच्या मगरिबची. मगरिबला जेमतेम सव्वा तास मिळतो. आता कॉलेजचं वेळापत्रक बघा. सकाळी वॉर्डात क्लिनिक, दुपारी जेवणाची सुट्टी, मग व्याख्यानं आणि प्रॅक्टिकल. जोहर जेवणाच्या सुट्टीत बसते, शुक्रवारची जुम्म्याची नमाजही मुलांना बहुधा त्याच सुट्टीत गाठता येते. फर्ज तेवढी पढायची म्हटलं तर पाच-सात मिनिटांचं काम. चार वर्षांत माझ्या फार नमाजा चुकल्या नाहीत.

खरी ओढाताण इंटर्नशिप आणि पुढच्या रेसिडेन्सीत होते. ऑपरेशन चार वाजता सुरू झालं आणि साडेआठपर्यंत चाललं तर मगरिब गेलीच. शाफई मताचे लोक, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः कोकणातले मुसलमान, काही परिस्थितीत दोन नमाजा एकत्र करण्याची सवलत मानतात. मराठवाड्यात बहुतेक सगळे हनफी. आमच्याकडे तशी मोकळीक जवळजवळ नाही, राहिलेली नमाज नंतर कजा म्हणून पढायची. पण रुग्णाचं पोट उघडं टाकून कुणी जावं असं कोणत्याही मताचा आलिम सांगत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण असं काहीतरी होईल ही भीती कधी कधी सहकाऱ्यांच्या मनात असते, आणि ती बोलून दाखवत नाहीत म्हणून जास्त घट्ट बसते.

अडचण असते ती साधी असते. कपड्याला रक्त लागलं तर नमाजेआधी कपडे बदलावे लागतात. मी कपाटात एक स्वच्छ सलवार-कमीज, मोठी ओढणी आणि जा-नमाज कायम ठेवायची. वजू करायला नळ लागतो, तो ओटीच्या बाहेर असतोच. हातावर चोळायच्या जंतुनाशकात अल्कोहोल असतं, ते चालतं का, असं मुलं विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं हातांच्या स्वच्छतेबद्दल २००९ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत निरनिराळ्या धर्मांच्या दृष्टीनं या प्रश्नाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. पिणं वेगळं आणि औषध म्हणून हाताला लावणं वेगळं, असंच बहुतेक आलिमही सांगतात.

आता रोजाकडे येते. इथे मला थोडं थांबावं लागेल.

हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, साधारण ३५४ दिवसांचं. आपल्या मराठी पंचांगातले महिनेही चंद्राचेच, पण तिथे अधिक मास घालून ऋतूंशी मेळ बसवतात. हिजरीत अधिक मास नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० साली तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीला पुन्हा एकदा सुरू होईल. डिसेंबरात आपल्या भागात रोजा सव्वाबारा तासांचा असतो, तहान फारशी लागत नाही. मे अखेरीला तोच साडेचौदा तासांचा, आणि बाहेर पारा चाळिशीच्या वर.

मी इंटर्न होते १९८५ साली. तेव्हा रमजान मे-जूनमध्ये आला होता. प्रसूती विभागात माझी पाळी. इशानंतर तरावीह, झोपायला अकरा, सहेरीला साडेतीनला उठणं, सातला वॉर्ड. रोजात माणूस भुकेनं बेजार होतो असा लोकांचा समज आहे. पहिल्या दोन दिवसांची डोकेदुखी पुष्कळदा चहा सुटल्याची असते, भूक तर दुपारनंतर मरतेच. माणसाला पाडतात ते पाण्याची कमतरता आणि तुटलेली झोप. विसाव्या-एकविसाव्या रोजाला दुपारी चारच्या सुमारास मी एका बाळंतिणीला टाके घालत होते. पंखा होता, वीज नव्हती. माझ्या हाताला कंप सुटला. डोळ्यांपुढे आधी पिवळं, मग काळं. शेजारच्या सिस्टरनं काही न बोलता माझ्या हातातून चिमटा काढून घेतला, मला भिंतीशी बसवलं आणि दुसऱ्या डॉक्टरांना हाक मारली. बाईला काही झालं नाही. पण ती माझ्याकडे बघत होती. केज तालुक्यातली ऊसतोडणी करणारी बाई, नुकतीच बाळंत झालेली, आणि मलाच विचारत होती, "बाय, काय होतंय तुला?"

मी साखरेचं पाणी प्यायले, रोजा सुटला. रात्री वसतिगृहात मी खूप रडले. रोजा मोडला म्हणून रडले की त्या बाईच्या नजरेमुळे, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी घरी गेले. अब्बा मला आमच्या मोहल्ल्यातल्या हाफिजसाहेबांकडे घेऊन गेले. मला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटी, हात कापायला लागण्याच्या आधी काही समजलं होतं का?" मी म्हटलं, हो, अर्धा तास आधी डोकं हलकं झालं होतं. ते म्हणाले, "मग चूक त्या अर्ध्या तासाची आहे. तेव्हाच पाणी प्यायचं होतं. आजाऱ्याला आणि प्रवाशाला अल्लानं सूट दिली आहे. तुझ्या हातात तर दुसऱ्याचा जीव होता." पुढे त्यांनी रीतही सांगितली. आज गर्मी आहे, आज काम आहे, असं म्हणून सकाळीच रोजा सोडायचा नाही. नियत करायची, रोजा धरायचा, आणि जीव घाबरा होतोय असं वाटलं की तिथेच सोडायचा, नंतर कजा भरायची. तो रोजा मी डिसेंबरात भरला.

त्यानंतर मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना हेच सांगत आले, आणि डॉक्टर म्हणून त्यात आणखी भर घालत आले. सहेरी शक्यतो शेवटच्या वेळेला करा, भाकरी, अंडी, दही असं टिकणारं खा, नुसत्या फेण्यांवर भागवू नका. इफ्तारला तळलेल्या भज्यांच्या आधी पाणी. तरावीह मशिदीत जमत नसेल तर खोलीवर पढा, आणि रात्रपाळीनंतर दुपारी एक तास झोपा. शक्य असेल तर मोठी ऑपरेशनं सकाळी घ्या, हे युनिटच्या सरांना आधीच सांगून ठेवा. सांगायला लाजू नका. माझी भाची इंटर्न झाली ती २०१८ साली, माझ्यानंतर बरोबर ३३ वर्षांनी, आणि रमजान फिरून पुन्हा मे-जूनमध्येच आला होता. तिनं सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं. सर म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, मला चतुर्थीला असंच होतं."

२०२० साली तर वेगळीच परीक्षा झाली. त्या वर्षी आपल्याकडे रमजान एप्रिलच्या शेवटी सुरू झाला, टाळेबंदी चालू होती. पीपीई किट घातलं की रोजा असो नसो, पाळी संपेपर्यंत कुणालाच पाण्याचा घोट घेता येत नव्हता. भाचीची एक सहकारी तिला म्हणाली, "आता आम्ही सगळेच तुमच्यात."

पोशाखाबद्दलही विचारतात. प्रवेश परीक्षेत हा वाद झाला होता. २०१५ साली पेपरफुटीनंतर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा पुन्हा घेतली गेली, तेव्हा कडक पोशाख-नियम आले. केरळच्या उच्च न्यायालयानं काही मुलींना स्कार्फची परवानगी दिली, सर्वोच्च न्यायालयानं मात्र त्या वेळी हस्तक्षेप केला नाही. पुढे नीटच्या नियमांतच सोय झाली. पारंपरिक पोशाख घालणाऱ्यांनी केंद्रावर लवकर यावं, तपासणी करून घ्यावी, आत जावं. २०२३ साली तिरुवनंतपुरमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या काही विद्यार्थिनींनी ओटीत लांब बाह्यांचं जाकीट आणि डोकं झाकणारं हूड वापरू देण्याची मागणी केली, त्यावरही बरीच चर्चा झाली. माझं मत विचाराल तर डोक्याचा प्रश्न ओटीत उद्भवतच नाही, तिथे सगळ्यांचेच केस झाकलेले असतात. हूड घातलं तर उलट चांगलं. बाह्यांचं तसं नाही. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ऑपरेशनला हात लावता येत नाही, आणि तिथे मी स्वतः कधी सवलत मागितली नाही. धुवून निर्जंतुक गाऊन चढवला की मनगटापर्यंत हात झाकलेलाच असतो. वॉर्डासाठी ब्रिटनमध्ये २०१० साली एकदाच वापरून टाकायच्या बाह्यांची मुभा दिली गेली, तसा मार्ग आपल्याकडेही काढता येईल.

पुरुष रुग्ण तपासायचे कसे, शवविच्छेदन करायचं कसं, हे प्रश्न घरची मंडळी दबक्या आवाजात विचारतात. इलाजाची गरज असेल तिथे परपुरुषाला किंवा परस्त्रीला तपासण्यास शरियतची मनाई नाही. आणि पुरुष डॉक्टरानं बाईला तपासताना बाईमाणूस हजर असावं, हे तर वैद्यकीय शिष्टाचारही सांगतो. शवविच्छेदनाचा संकोच फक्त आमचाच आहे असंही समजू नका. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्तांनी प्रेताला सुरी लावली तेव्हा त्यांच्या समाजाला केवढा धक्का बसला होता! इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी वेगळीच तक्रार करून ठेवली आहे. सगळे फिकह शिकायला धावतात आणि कित्येक गावांत मुसलमान वैद्यच सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. वैद्यकी त्यांनी फर्ज-ए-किफाया मानली. समाजातल्या कुणीतरी ती शिकलीच पाहिजे, कुणीच शिकलं नाही तर दोष सगळ्यांवर.

ही गोष्ट रमजानात चांगलीच पटते. २००१ साली तेरा देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत टाइप दोनच्या मधुमेही मुसलमानांपैकी सुमारे ७९ टक्क्यांनी महिन्यात किमान पंधरा रोजे धरले होते. म्हणजे डॉक्टर नको म्हणाले तरी लोक धरतातच, फक्त डॉक्टरला सांगत नाहीत. माझ्याकडे यायचे ते सांगायचे, कारण मी ओरडणार नाही हे ठाऊक होतं. रमजान लागायच्या महिनाभर आधी त्यांना बोलवायचं, गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून द्यायच्या, बोटातून रक्त काढून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही हे सांगायचं, आणि साखर ७० च्या खाली आली की तिथेच रोजा सोडायचा असा शब्द घ्यायचा. इन्सुलिनवाल्या काही जणांना मात्र मी सरळ नाही म्हणायची.

आता एक गोष्ट सांगते, ती आमच्याच लोकांना आवडणार नाही. नमाजेनं माझा दिवसातला अर्धा तास घेतला, रोजानं वर्षातला एक महिना थोडा जड केला. अभ्यासाचा खरा वेळ खाल्ला तो मंगनी, निकाह, वलिमा, चाळीसवा आणि "डॉक्टरीन झाली, आता भेटत नाही" या टोमण्यांनी. पहिल्या वर्षाला असतानाच सुट्टीत घरी आले की अंगणात गोळ्यांची पाकिटं घेऊन आलेल्या खालांची रांग. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चुलतभावाचं लग्न, आणि न येण्याचं कारण कुणालाच पटत नाही. माझी मैत्रीण माझ्याहून हुशार होती. तिचं लग्न इंटर्नशिपमध्ये ठरलं. बोलणी करताना सासरच्यांनी पीजीला हो म्हटलं होतं, नंतर रात्रपाळीचं कळल्यावर नाही म्हटलं. रात्रपाळीला मनाई करणारा मसला त्यांना कुणी सांगितला, हे मला आजवर कळलेलं नाही. ती आज आनंदात आहे, नातवंडं आहेत. तरी भेटली की विचारते, "अजून टाके तसेच घालतेस का गं?"

म्हणून मुलींच्या अब्बांना मी सांगते, कॉलेजात नमाजेला जागा आहे का याची चौकशी जरूर करा, पण मुलीला पाच लग्नं चुकवायची परवानगी आधी द्या. स्थळ आलं तर वर्षभराचं सरकारी बंधपत्र, तीन वर्षांची रेसिडेन्सी आणि त्यातल्या रात्रपाळ्या बोलणीतच सांगून टाका.

धाकट्या भाचीचा परवा फोन आला होता. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. विचारत होती, "खाला, ईदच्या सुट्टीचा अर्ज कोणत्या तारखेचा करू?" म्हटलं, दोन्ही तारखा घाल, आणि खाली लिही, दिवाळीत बदली देईन.